देव ‘नाही’ म्हणायला देव लागतो का?

गेल्या अंकात आम्ही वाचकांपुढे एकच वाक्य ठेवलं होतं : ‘देव नाही असं म्हणणारा देव मानूनच बोलतो.’ त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. नावं गाळून फक्त गावं ठेवली आहेत.

प्रश्न (फोंडा) : नरकासुर जाळायचा तर आधी तो बांधावा लागतो. बांधलाच नाही तर पहाटे जाळणार काय? तसंच देव नाकारायचा तर आधी देव मांडावा लागतो. मग नास्तिकानेही देव मान्य केलाच, असं आम्ही म्हटलं तर चुकलं कुठे?

उत्तर : दाखला घरचा आणि नेमका आहे, पण तो तुमच्याच विरुद्ध जातो. तिठ्यावर रात्र जागवून पोरं जे उभं करतात त्यात असतं काय? बांबूचा, हल्ली लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, आत गवत, वर जुने कपडे, खळ लावून चिकटवलेला कागद आणि बाजारातून आणलेला मुखवटा. पहाटे जळतं ते हे. प्राग्ज्योतिषपुरात तो असुर खरोखर होऊन गेला की नाही, याचं त्या बांबूंना काही देणंघेणं नसतं. तो झालाच नसता तरी पुतळा तेवढाच उंच झाला असता आणि तेवढाच धडधडून जळला असता. घरी येऊन तुळशीपुढे अंगठ्याखाली कारीट फोडतो, त्याचंही तेच. फुटतं ते कारीट.

गफलत होते ती तीन गोष्टी एकत्र कालवल्यामुळे. पहिली म्हणजे शब्द : ‘देव’. दुसरी, त्या शब्दाचा अर्थ, उदाहरणार्थ ‘जगाचा सर्वज्ञ कर्ता’. तिसरी, तो अर्थ जिला लागू पडेल अशी खरीखुरी वस्तू. नकाराला पहिल्या दोन लागतात. वाद असतो तो तिसरीबद्दल. पहिल्या दोन हातात घेतल्या म्हणून तिसरी आपोआप पदरात पडत नाही.

पडताळा घ्यायचा तर तेच वाक्य दुसऱ्या नावाने म्हणून पाहा. पोर रात्री घाबरतं तेव्हा आई म्हणते, ‘समंध बिमंध काही नाही, झोप.’ आईने समंध मान्य केला का? ‘देव एकच, दुसरा नाही’ असं म्हणणाऱ्या भक्ताने दुसरा देव मान्य केला का? तुमचा नियम खरा धरला तर एकेश्वरवादी माणूस तोंड उघडताच अनेकेश्वरवादी ठरेल. नास्तिकासाठी पेटवलेली काडी आधी भक्ताच्याच पदराला लागते.

जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगे याने १८८४ मध्ये ही गाठ फार सोप्या रीतीने सोडवली. अस्तित्व सांगणं म्हणजे शून्य ही संख्या नाकारणं, असं त्याचं म्हणणं. आमच्या भाटात आंबे लागलेले माड किती? शून्य. हे उत्तर देताना ‘आंबे लागलेला माड’ म्हणजे काय ते कळलं पाहिजे, नाहीतर मोजायचं काय? पण असा एकही माड कुठे उभा असण्याची गरज नाही. ‘देव नाही’ हे वाक्यही मोजणीचं आहे : या वर्णनात बसणारे किती? नास्तिक म्हणतो शून्य, आस्तिक म्हणतो एक किंवा अनेक. दोघांनी मान्य केलं ते वर्णन.

तुमच्या पत्रात खरं आहे ते एवढंच, पण ते मोलाचं आहे : वर्णन न ठरवता केलेला नकार पोकळ असतो. जगाचा कर्ता, कर्माचं फळ देणारा, निर्गुण ब्रह्म आणि आपल्या गावच्या शिमेवरचा राखणदार ही चार वेगळी वर्णनं आहेत. राखणदाराने जग निर्माण केलं असं गावात कोणीच म्हणत नाही. त्याची हद्द शिमेपाशी संपते, आणि पलीकडच्या गावाला त्याचा आपला राखणदार असतो. तेव्हा ‘जगाला कर्ता नाही’ हे कोणी सिद्ध केलं तरी त्याने राखणदाराला धक्का लागत नाही. या चौघांना चार स्वतंत्र नकार लागतात. बहुतेक नास्तिक एकाच फटक्यात चौघांना उडवतात आणि त्यांचं काम तिथेच कच्चं राहतं.

प्रश्न (म्हापसा) : ‘दगड हा देव नव्हे’ असं म्हणणाऱ्यालाही आमच्याकडे नास्तिक म्हणतात. हे बरोबर का?

उत्तर : नाही. मराठीत दोन नकार आहेत आणि कोकणीतही ते तसेच स्वच्छ वेगळे आहेत : ‘नाही’ आणि ‘नव्हे’, ‘ना’ आणि ‘न्हय’. ‘घरांत मांजर ना’ हा असण्याचा नकार. ‘हें मांजर न्हय’ हा एक वस्तू दुसरी नसल्याचा नकार. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, पहिल्याला संसर्गाभाव म्हणतात, दुसऱ्याला अन्योन्याभाव. ‘दगड देव नव्हे’ म्हणणारा कट्टर आस्तिकही असू शकतो, किंबहुना बहुधा असतोच. त्याच्या मनात देव कसा असतो याची पक्की कल्पना आहे, म्हणूनच त्याला दगड त्यात बसत नाही.

‘मानणे’ या क्रियापदानेही असाच घोळ होतो. ‘आम्ही अमक्या देवाला मानतो’ यात असण्यावरचा विश्वास आणि दिलेला मान, दोन्ही येतात. ‘मी देव मानत नाही’ म्हणणारा यातलं काय नाकारतो ते विचारून घ्यावं. तो आहे हे कबूल, पण मी त्याच्यापुढे वाकणार नाही, असंही कोणी म्हणू शकतो. तो नास्तिक नव्हे, रागावलेला आहे.

प्रश्न (डिचोली) : न्यायशास्त्र थोडं वाचलं आहे. अभावाचं ज्ञान प्रतियोगीच्या ज्ञानाशिवाय होत नाही, आणि नैयायिकांच्या मते प्रतियोगी खराच असावा लागतो. मग ईश्वर सिद्ध करू पाहणाऱ्या नैयायिक उदयनाचार्यांनी नास्तिकाची कोंडी केलीच की! वर्णन वेगळं, वस्तू वेगळी हे पाश्चात्त्य वाटप इथे कसं चालेल?

उत्तर : या अंकातला सर्वांत कसदार प्रश्न, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी शब्द. ‘कोनाड्यात समई नाही’ यात समई हा प्रतियोगी, म्हणजे ज्याचा अभाव सांगितला ती वस्तू. कोनाडा हा अनुयोगी, म्हणजे जिथे अभाव आहे ती जागा. समई माहीतच नसलेल्या माणसाला कोनाडा नुसता रिकामा दिसेल, ‘समई नाही’ असं ज्ञान त्याला होणार नाही. इथवर कोणाचाच वाद नाही.

पुढची पायरी अवघड. उदयन आपल्या ‘न्यायकुसुमांजली’ या ग्रंथाच्या तिसऱ्या स्तबकात, म्हणजे प्रकरणात, म्हणतो, ‘अभावविरहात्मत्वं वस्तुनः प्रतियोगिता’. प्रतियोगी होणं हा वस्तूचाच धर्म, अवस्तूचा नव्हे. कोनाड्यात नसलेली समई देवघरात तरी असतेच. यावरून कोणी म्हणेल, ‘देव नाही’ म्हटलंत म्हणजे कुठेतरी आहे. पण मग ‘सशाचं शिंग नाही’ याचं काय? नैयायिक इथे सशाचं शिंग कुठेतरी आहे असं म्हणत नाहीत. ते वाक्य उकलतात : ससा आहे, शिंग बैलाला आहे, नाकारला तो सशाशी शिंगाचा संबंध. अनुयोगी ससा, प्रतियोगी शिंग, दोन्ही खरे, आणि अभाव ठरला तोही खरा. नास्तिकाने हेच केलं तर? जग आहे. कर्ते आहेत, कुंभार आहे, सुतार आहे. नाकारला तो जगाशी कर्त्याचा संबंध. म्हणजे न्यायाच्या नियमांत राहूनही, ईश्वर हा प्रतियोगी न मांडता, नकार करता येतो. पाश्चात्त्य वाटपाची गरजच नाही.

उदयनाने केलेली कोंडी वेगळी आहे आणि ती नीट समजून घ्यावी. प्रतिपक्षी म्हणतो, ‘ईश्वर कर्ता नाही, कारण त्याला शरीर नाही.’ उदयन विचारतो, या अनुमानातला पक्ष (ज्याच्याविषयी अनुमान करायचं तो), म्हणजे ईश्वर, तुम्हाला माहीत आहे की नाही? नसेल, तर हेतूला, म्हणजे ‘शरीर नाही’ या कारणाला, बसायला जागाच नाही. हा आश्रयासिद्धी दोष. असेल, तर कोणत्या प्रमाणाने, म्हणजे ज्ञानाच्या कोणत्या साधनाने? ज्या प्रमाणाने तो कळला त्याने तो कर्ता म्हणूनच कळला, मग तुमचा निष्कर्ष त्याच प्रमाणाने बाधित झाला. याला धर्मिग्राहकमानबाध म्हणतात. ‘नाकारलंत म्हणजे मानलंत’ या लोकप्रिय वाक्याचा हा खानदानी पूर्वज. पण यात देव सिद्ध होत नाही. अनुमानाची ती एक मांडणी तेवढी मोडते.

आणि प्रतिपक्ष तिथे अडकून बसला नाही. त्याने पक्षच बदलला : ‘पृथ्वी, अंकुर वगैरे कर्त्याने केलेले नाहीत, कारण ते शरीराने उत्पन्न झालेले नाहीत, आकाशाप्रमाणे.’ आता पक्ष अंकुर. तो सर्वांना दिसतो, आश्रयासिद्धी गेली. नैयायिकांनीही मग ‘तुम्ही ईश्वर मानलात’ हा आरोप सोडला आणि हेतूवर हल्ला चढवला : ‘उत्पन्न झालेलं नाही’ एवढं म्हटलं की ‘कर्ता नाही’ हे निघतंच, मग ‘शरीराने’ हे विशेषण कशाला? ते विशेषण व्यर्थ आहे, आणि काढावं तर अंकुर उत्पन्न होतो हे उघड दिसतं, म्हणून हेतूच पडतो. पटो न पटो, हा खरा वाद. मांडणी बदलल्याबरोबर जो मुद्दा गळून पडला तो मुळात देवाबद्दलचा नव्हता, मांडणीबद्दलचा होता.

याच स्तबकात उदयनाचा एक मुद्दा मात्र नास्तिकाने कायम खिशात ठेवावा. न दिसणं हे नसण्याचा पुरावा केव्हा? वस्तू दिसण्याजोगी असेल तेव्हा. ‘समई असती तर दिसली असती’ असं म्हणता आलं पाहिजे. शिंग ही दिसण्याजोगी वस्तू आहे, म्हणून सशाच्या डोक्यावर ते न दिसणं पुरेसं होतं. देव डोळ्यांना दिसण्याजोगा आहे असं नैयायिक म्हणतच नाही, तेव्हा ‘मला दिसला नाही’ हे त्याला उत्तर नव्हे. आणि आपल्यात वेद मानून जगाचा कर्ता न मानणारा कुमारिल भट्टही होऊन गेला हे विसरू नये. मनूच्या ‘नास्तिको वेदनिन्दकः’ या मापाने तो आस्तिक, आजच्या मापाने त्याचं काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

प्रश्न (मडगाव) : शेजारचे पाद्री म्हणाले, ‘देव नाही’ म्हणणाऱ्याच्या मनात देव असतोच, हे संत अन्सेल्मने सिद्ध केलं आहे. खरं का?

उत्तर : त्याने तसं मांडलं हे खरं, साधारण १०७७-७८ मध्ये. आधार बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या चौदाव्या स्तोत्राचा, जिथे मूढ मनात म्हणतो की देव नाही. अन्सेल्म म्हणतो : ज्याहून मोठं काही कल्पिता येत नाही ते म्हणजे देव. मूढाला हे शब्द कळतात, म्हणजे ते त्याच्या बुद्धीत आहे. पण बुद्धीत असण्यापेक्षा प्रत्यक्षात असणं मोठं. म्हणून ते फक्त बुद्धीत असेल तर त्याहून मोठं कल्पिता येईल, आणि हा विरोध झाला.

पत्रातल्या वाक्यापेक्षा हे कितीतरी कसलेलं आहे. अन्सेल्म ‘बोललास म्हणून मानलंस’ एवढ्यावर थांबत नाही. बुद्धीतून बाहेर यायला तो वेगळी पायरी बांधतो. ती पायरी टिकते का, हा प्रश्न. गोनिलो नावाच्या साधूने, जो स्वतः देव मानणारा होता, तेव्हाच उलट विचारलं : याच रीतीने सर्वोत्तम बेटही सिद्ध होईल. दिवाडी-चोडणाहून सरस, ज्याहून सरस कल्पिताच येत नाही असं बेट घ्या. शब्द कळले, बुद्धीत आलं, प्रत्यक्षात असणं अधिक सरस, म्हणून आहे. तिथे जाणारी फेरीबोट मात्र कुठल्याच धक्क्यावरून सुटत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८१ मध्ये दोष दाखवला तो असा : ‘आहे’ हा वर्णनातला आणखी एक गुण नव्हे. शंभर खऱ्या नाण्यांच्या वर्णनात शंभर कल्पित नाण्यांहून एक पैही जास्त नसते. फरक खिशात पडतो, वर्णनात नाही.

प्रश्न (सांकवाळ) : बुद्धाने देवाच्या प्रश्नावर मौन पाळलं, ना होकार ना नकार. हा तिसरा मार्ग बरा नव्हे का?

उत्तर : तुमच्याच गावात १८७६ मध्ये जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी पाली वाङ्मय मराठीत आणलं, म्हणून हा गैरसमज त्याच गावातून आलेला पाहून गंमत वाटली. मज्झिम निकाय या पाली संग्रहातल्या चूळमालुंक्य सुत्तात न उत्तरलेले प्रश्न दहा आहेत : जग शाश्वत की अशाश्वत, त्याला अंत आहे की नाही, जीव आणि शरीर एकच की वेगळे, आणि तथागत (बुद्ध) मरणानंतर असतो, नसतो, दोन्ही, की दोन्ही नाही. जगाचा कर्ता आहे का, हा प्रश्न या दहांत नाही. उलट दीघ निकायातलं ब्रह्मजाल सुत्त सांगतं की रिकाम्या ब्रह्मलोकात जो आधी पोचला त्याला एकटेपणा आला, मागून दुसरे आले, आणि त्याला वाटलं आपल्या इच्छेनेच हे आले. मागून आलेल्यांनाही तसंच वाटलं, कारण तो आधीपासून तिथे होता. हे मौन नव्हे. कर्त्याची समजूत कशी तयार होते याचा हिशेब आहे. इथे मान्य केलं आहे ते समजुतीचं अस्तित्व.

प्रश्न (वास्को) : न्यायालयात साक्ष द्यायची आहे. ‘ईश्वरसाक्ष’ म्हणायचं नाही. पण ‘मला ईश्वराची शपथ नको’ म्हणताना मीच ईश्वराचं नाव काढणार! काय करावं?

उत्तर : नावाची चिंता सोडा, पहिल्या उत्तरात ती मिटली आहे. रीत अशी. शपथ अधिनियम, १९६९ च्या कलम ५ प्रमाणे साक्षीदाराला शपथेऐवजी दृढकथन करता येतं, त्यासाठी कारण द्यावं लागत नाही. पिंजऱ्यात उभं राहिल्यावर मजकूर वाचायला सुरुवात होण्याआधीच सांगा, ‘मी दृढकथन करेन.’ मजकूर तोच असतो : जे सांगेन ते सत्य, संपूर्ण सत्य, सत्याखेरीज काही नाही. फक्त ईश्वराच्या जागी ‘गांभीर्यपूर्वक’ येतं.

चुका दोन होतात. काही जण काही न सांगता तो एक शब्द तोंडातल्या तोंडात गिळतात. त्याने साध्य काही होत नाही, कारण कलम ७ आणि ८ प्रमाणे शपथेत काही राहून गेलं तरी साक्ष रद्द होत नाही आणि खरं बोलण्याचं बंधन कायम राहतं. दुसरी चूक म्हणजे दृढकथन हलकं समजणं. न्यायालयीन कामात खोटी साक्ष दिली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे, मग देवाचं नाव घेतलेलं असो वा नसो. प्रतिज्ञापत्र करायचं असेल तर छापील मसुदा आधी वाचा आणि हवा तो शब्द सही करण्यापूर्वीच टंकून घ्या.

नाव न घेणं आणि नाकारणं यातला फरक संविधान सभेतच दिसला होता. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामत यांनी उद्देशिकेच्या आरंभी ‘ईश्वराच्या नावाने’ हे शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली. बाजूने ४१, विरुद्ध ६८ मतं पडली. विरुद्ध मत देणारे सगळे नास्तिक नव्हते. देवाचं नाव कोणावर लादू नये, असा हृदयनाथ कुंझरूंचा आक्षेप होता. उद्देशिकेत देव नाही, याचा अर्थ उद्देशिका ‘देव नाही’ म्हणते असा होत नाही. (गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता, म्हणून आपल्याकडे हा प्रसंग फारसा सांगितला जात नाही.)

प्रश्न (पेडणे) : मी नास्तिक, पण तोंडातून ‘देव बरें करूं’ निघतंच. हा पराभव का?

उत्तर : नाही. तो आभार मानण्याचा शब्द आहे. ज्योतिष न मानणाराही शनिवारला शनिवारच म्हणतो.

प्रश्न (काणकोण) : कीर्तनात ऐकलं, कंस-शिशुपालही तरले कारण त्यांना सतत देवच आठवत होता. मग नास्तिकही विरोधभक्तच ना?

उत्तर : भागवताच्या सातव्या स्कंधात ‘भयात् कंसो द्वेषाच्चैद्यादयः’ असं आहेच (चैद्य म्हणजे शिशुपाल). पण शब्द पाहा : भय आणि द्वेष. कंस कृष्णाला घाबरत होता, शिशुपालाने भर सभेत समोर उभ्या असलेल्या कृष्णाला शिव्या दिल्या. कृष्ण नाहीच, असं दोघांपैकी कोणी म्हटलं नाही. द्वेषाला समोर कोणीतरी लागतं, नकाराला लागत नाही. कीर्तनकारांचं वाक्य शत्रूला लागू आहे, नास्तिकाला नाही.

प्रश्न (साखळी) : महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेत हाच विषय आहे : ‘देव नाकारणे म्हणजे देव मान्य करणे’. मी विरुद्ध बाजूने आहे, पाच मिनिटं आहेत. तयारी कशी करू?

उत्तर : पहिलं मिनिट फक्त ‘मान्य करणे’ या शब्दाला द्या : कल्पना मान्य करणं की वस्तू मान्य करणं? इथे घाई केलीत तर पुढची चार मिनिटं वाया जातील, कारण समोरचा एक अर्थ सिद्ध करून दुसऱ्याचं श्रेय घेईल. दुसऱ्या मिनिटात एकच दाखला द्या, तीन नको. नरकासुराच्या पुतळ्याचा चालेल, गोव्यातल्या परीक्षकाला तो समजावून सांगावा लागत नाही. तिसऱ्यात एकेश्वरवादी भक्ताचा मुद्दा : नियम खरा असेल तर तोही अडकतो.

चौथं मिनिट राखून ठेवा, कारण समोरून हमखास येणारी चाल म्हणजे व्याख्या सरकवणं. ‘निसर्ग म्हणजेच देव, आता नाकारा बघू!’ यावर चिडू नका, आणि निसर्ग देव कसा नव्हे हेही सांगत बसू नका. एवढंच विचारा : या व्याख्येने देव नाकारणारा एक तरी माणूस दाखवा. निसर्ग कोणीच नाकारत नाही, म्हणजे ‘देव नाकारणे’ घडतच नाही, आणि मग विषयातल्या वाक्याला लागू पडायला काही उरत नाही.

शेवटच्या मिनिटात ‘म्हणून देव नाही’ असं चुकूनही म्हणू नका. तो तुमचा विषय नाही, आणि ते वाक्य उच्चारलंत की प्रश्नोत्तरांत त्याचा पुरावा तुमच्याकडे मागितला जाईल. उदयनाचा दाखला द्यायचा असला तर आश्रयासिद्धी हा शब्द आधी दहा वेळा मोठ्याने म्हणून पाहा. घंटा वाजायच्या सुमारास जीभ अडखळते ती अशाच शब्दांवर.